शिक्कामोर्तब ते ‘ब्लू ओशन’ : कागदाचा प्रवास दिसावा कसा?

एखादा निर्णय पक्का झाला की आपण सहज म्हणतो, ‘त्यावर शिक्कामोर्तब झाले.’ बोलताना हा एकच शब्द वाटतो. परंतु मराठा दप्तरात त्या दोन वेगळ्या क्रिया होत्या. शिक्का कागदाच्या आरंभी उमटे. हा कागद कोणाच्या सत्तेने निघाला, हे तो सांगे. मोर्तब मजकुराच्या अखेरीस उमटे. येथे मजकूर संपला, यापुढे कोणी काही लिहिल्यास ते आमचे नव्हे, हे ते सांगे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे दिसतात, तर पेशव्यांच्या कागदांच्या अखेरीस ‘लेखनसीमा’. दोहोंचा अर्थ जवळजवळ एकच : मजकुराची सीमा येथे आहे.

आजचा धागा थोडा अनवट आहे. वाचकांपैकी अनेक जण साताऱ्या-सांगलीचे. त्यांतले कित्येक कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून वा सांगलीच्या वालचंदमधून बाहेर पडून पुण्यात संगणकप्रणाली लिहितात आणि रात्री मोडी वाचतात. त्यांच्या कचेरीत एक पडदा सतत उघडा असतो. त्यावर वर्तुळे असतात, वर्तुळांना जोडणाऱ्या रेघा असतात आणि प्रत्येक वर्तुळाला रंग असतो. अशा पडद्याची नवी आवृत्ती आली की ‘ही जुन्यापेक्षा चांगली का?’ असा वाद रंगतो. हा वाद इतिहासाच्या विद्यार्थ्याला अनोळखी नाही. अनेकांच्या हातांतून जाणाऱ्या एका कामाची अवस्था दुरून कशी कळावी, हा प्रश्न साताऱ्याच्या राजदरबाराला अठराव्या शतकातच पडलेला होता. त्याने शोधलेली उत्तरे, आणि ती कुठे फसली, हे पाहिले की आजच्या पडद्याची परीक्षा घेण्यास चांगले माप हाती येते.

प्रथम आजची गोष्ट थोडक्यात. एकाच प्रणालीवर पन्नास माणसे काम करीत असली की प्रत्येकाचा बदल इतरांच्या बदलांशी जुळतो का, हे पाहावे लागते. पूर्वी हे जुळवणे महिनोन्महिने लांबणीवर पडे आणि शेवटी गोंधळ उडे. म्हणून बदल रोजच्या रोज एकत्र करावेत आणि प्रत्येक वेळी यंत्रानेच तपासावेत, अशी पद्धत रूढ झाली. तिला ‘कंटिन्यूअस इंटिग्रेशन’ म्हणतात. ही संज्ञा ग्रेडी बूच यांनी १९९१ साली वापरली. पुढे केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्ष कार्यपद्धतीत रुजवली. या पद्धतीत लिहिलेला मजकूर ओळीने टप्पे ओलांडतो : यंत्राला समजेल असे त्याचे रूपांतर, मग चाचण्या, मग बांधणी, मग ग्राहकापर्यंत रवानगी. या ओळीला ‘पाइपलाइन’ म्हणतात. मधला एखादा टप्पा नापास झाला की पुढची वाट बंद.

आता छत्रपती शाहू महाराजांच्या साताऱ्यात या. १७०८ च्या जानेवारीत त्यांचा राज्याभिषेक झाला आणि १७४९ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. या चार दशकांत हिंदुस्थानच्या मोठ्या भागावर परिणाम करणारे कागद याच गावातून निघत होते. समजा, एखाद्या गावी कोणा विद्वानाला जमीन इनाम द्यायची आहे. राजा तोंडाने ‘द्या’ म्हणाला, एवढ्याने जमीन मिळत नसे. मसुदा होई, शुद्ध प्रत होई, अधिकाऱ्यांच्या नजरेखालून ती जाई आणि प्रत्येक हात आपली खूण ठेवी. राज्याभिषेकसमयीचा म्हणून जो कानुजाबता प्रसिद्ध आहे, त्यात प्रधानांची कामे सांगताना राजपत्रांवर आपापले चिन्ह करण्याची जबाबदारी पुन्हा पुन्हा येते. सचिवाचे काम तर विशेष लक्षात घेण्याजोगे : राजपत्रांतील अधिकउणे अक्षर तपासून मजकूर शुद्ध करणे. आजच्या भाषेत बोलायचे तर चाचणीचा टप्पा हाच.

या खुणांची भाषा ज्याने एकदा शिकून घेतली, त्याला मूळ कागद हातात घेताच त्याचा प्रवास वाचता येतो. ‘रुजू’ म्हणजे पडताळून जुळले. (आज आपण नोकरीवर ‘रुजू’ होतो आणि हिशेबाची ‘रुजुवात’ घालतो, दोन्ही प्रयोगांत त्या जुन्या दप्तराचा धागा शिल्लक आहे.) ‘सुरू सूद’ आणि ‘बार’ या दप्तरी नोंदीच्या खुणा. पेशव्यांच्या रोजनिशीतील नोंदींखाली ‘परवानगी रूबरू’ असा शेरा अनेकदा आढळतो. म्हणजे हा हुकूम कोणत्या मार्गाने आला, प्रत्यक्ष तोंडी की यादीवरून, तेही लिहून ठेवलेले आहे. जेन्किन्स नावाच्या प्रणालीत प्रत्येक बांधणीच्या पानावर ‘ही कोणी सुरू केली’ अशी एक ओळ असते. ती वाचताना मला नेहमी ‘परवानगी रूबरू’ आठवते.

कागदाची शारीरिक रचनाही याच काळजीतून घडलेली होती. मोडी कागद लांब पट्ट्यांवर लिहीत. एका पट्टीला ‘बंद’ म्हणत. मजकूर मोठा असला की बंदाला बंद चिकटवीत. मग एक धोका उभा राहतो : मधलाच बंद काढून त्या जागी दुसरा चिकटवला तर? त्यावर उपाय म्हणून पाठीमागे नेमक्या सांध्यावर छोटा शिक्का उमटवीत. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. बंद बदलला की दोन अर्धुके जुळत नाहीत. दोन टप्प्यांच्या मधल्या जागेवर लक्ष ठेवण्याची ही युक्ती मला अष्टप्रधानांच्या थोर थोर बिरुदांपेक्षा अधिक बुद्धीची वाटते. फसवणूक बहुधा टप्प्यात शिरत नाही, ती टप्प्यांच्या सांध्यात शिरते, हे कोण्या अज्ञात कारकुनाने ओळखले होते.

आणखी एक गोष्ट. इनामाचे पत्र एकच निघत नसे. एक इनामदाराला, एक त्या प्रांताच्या अधिकाऱ्याला, एक देशमुख-देशपांड्यांना, एक गावच्या मोकदमाला, अशी समांतर पत्रे सुटत आणि किती पत्रे निघाली याचा आकडा नोंदीत असे. पत्राच्या अखेरीस ठरलेली सूचना येई : दरवर्षी नव्या पत्राचा हट्ट धरू नये, या पत्राची नक्कल करून घ्यावी आणि मूळ पत्र भोगवट्यासाठी धन्याला परत द्यावे. म्हणजे एका उगमातून फुटणाऱ्या चार शाखा, आणि त्या चारही पोहोचल्याखेरीज काम पुरे होत नाही. पडद्यावर एका वर्तुळातून चार रेघा फुटून खाली-वर जाताना आपण पाहतो, ते हेच चित्र.

मग साताऱ्याच्या फडात बसलेल्या माणसाला हे सारे एका दृष्टिक्षेपात दिसत असे का? दिसत नसे. इथे आपल्याला दप्तराच्या वह्यांकडे वळावे लागते.

मराठी व्यापारी घरांत ‘कीर्द-खतावणी’ हा जोडशब्द परवापरवापर्यंत रोजचा होता. कीर्द ही दिवसाची वही : जे घडले ते घडल्या क्रमाने. खतावणी ही खात्याची वही : त्याच नोंदी माणसावार, गाववार, बाबवार वेगळ्या करून. सरकारी दप्तरही याच दोन पायांवर उभे होते. पुण्याच्या हुजूर दप्तरात फडाचे चालते दप्तर होते, आणि कामातून गेलेले कागद ज्यात जमा होत ते एक बेरीज दप्तर होते. रोजकीर्द, घडणी, खतावणी, ताळेबंद अशा पायऱ्यांनी एकच माहिती पुन्हा पुन्हा वेगळ्या अंगाने मांडली जाई. आज ‘डेटा एकच, व्ह्यू वेगळे’ असे म्हणतात. फडणीसाला हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

संगणकाच्या जगानेही हाच क्रम गिरवला, ही खरी गंमत आहे. नेटस्केप आणि मोझिला यांच्या वर्तुळात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘टिंडरबॉक्स’ नावाचे पान होते. काळ उभ्या दिशेने, प्रत्येक यंत्राला एक स्तंभ; यशस्वी बांधणी हिरवी, चालू असलेली पिवळी, चाचणीत अडकलेली नारिंगी, मोडलेली लाल. ही शुद्ध कीर्द : घडले तसे, काळाच्या क्रमाने. २००१ साली ‘क्रूझकंट्रोल’ आले. पुढे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या कोहसुके कावागुची यांनी ‘हडसन’ लिहिले. ओरॅकलशी नावावरून मतभेद झाल्यावर २०११ साली त्याचेच ‘जेन्किन्स’ झाले. जेन्किन्सचे पहिले पान म्हणजे खतावणी. एकेका कामाचे एकेक खाते, त्यापुढे एक रंगीत गोटी आणि शेजारी हवामानाचे चित्र : अलीकडच्या बांधण्या यशस्वी असतील तर सूर्य, पडत असतील तर ढग आणि पाऊस.

कीर्द झाली, खतावणी झाली. पण एका विशिष्ट कागदाचा प्रवास, मसुद्यापासून रवानगीपर्यंत, हे तिसरे दर्शन कोणत्याच वहीत नव्हते. साताऱ्यात ते कागदाच्या अंगावरच होते, खुणांच्या रूपाने. आणि कागद इनामदाराच्या हाती गेला की तो प्रवासही त्याच्यासोबत गेला. जुन्या जेन्किन्समध्येही तसेच. एक बांधणी कुठे अडली हे पाहायचे तर हजारो ओळींची नोंद उघडून शेवटापासून वर वर वाचत जावे लागे. मोडीचा सराव नसलेल्याने अख्खा रुमाल सोडून बसावे, तसे ते होते.

२०१६ साली जाहीर झालेल्या आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या ‘ब्लू ओशन’ने हे तिसरे दर्शन पडद्यावर आणले. डावीकडून उजवीकडे टप्पे, समांतर कामे एकाखाली एक, प्रत्येक टप्प्याचे वर्तुळ. अडलेल्या वर्तुळावर बोट ठेवले की फक्त त्याच पायरीची नोंद उघडते, बाकीची हजारो पाने मिटलेली राहतात. एवढी एकच सोय घेतली तरी नव्या पडद्याचे पारडे जड होते, असे माझे मत आहे. नापास झालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ‘कुठे?’ हा असतो, ‘का?’ नंतर येतो. जुना पडदा दोन्ही उत्तरे एकाच ढिगात देत होता.

मराठा दप्तरात याच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे ‘याद’. कामाची कलमे एकाखाली एक लिहायची आणि प्रत्येक कलमाशी त्याचा निर्णय नोंदवायचा. काही यादींवर खुद्द पेशव्यांच्या हातचे शेरे मिळतात. कोणते कलम मंजूर, कोणते तहकूब, हे नजर टाकताच कळते. इतिहासाच्या अभ्यासकाला लांबलचक पत्रापेक्षा अशी एक याद अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात विचारणारा आणि ठरवणारा असे दोघेही एकाच कागदावर दिसतात.

येथवर नव्या पडद्याची स्तुती झाली. आता त्याची खरी परीक्षा, आणि तीसाठी साताऱ्याच्या इतिहासातील दोन अप्रिय प्रकरणे उघडावी लागतात.

पहिले प्रकरण पेशवाईच्या वस्त्रांचे. शाहू महाराजांच्या निधनानंतर सत्तेचे केंद्र पुण्याला सरकले. परंतु एक टप्पा साताऱ्यातच राहिला. नवा पेशवा झाला की त्याला छत्रपतींकडून वस्त्रे यावी लागत. कागदोपत्री ही साऱ्या राज्यातील सर्वांत महत्त्वाची मंजुरी. व्यवहारात काय झाले? नारायणरावाच्या खुनानंतर १७७३ साली रघुनाथरावाला साताऱ्याहून वस्त्रे मिळाली. पुढच्याच वर्षी त्याच्या विरोधातील बारभाईंच्या पक्षाने पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावाला वस्त्रे मिळवली. बाळ तेव्हा सव्वा महिन्याचे होते. १७९६ साली तर एकाच वर्षात आधी चिमाजीअप्पाला वस्त्रे आली आणि मग दुसऱ्या बाजीरावाला. ज्याच्या हाती त्या घडीला बळ, त्याला साताऱ्याचा टप्पा ‘पास’.

या टप्प्याची नोंद आपण वर्तुळांत मांडली तर ती अखंड हिरवी दिसेल, एकही लाल वर्तुळ नाही. आणि नेमके त्यामुळेच त्या वर्तुळाकडून आपल्याला काहीच कळत नाही. ज्या तपासनिसाला नाही म्हणण्याची मुभा नाही, त्याचा होकार ही माहिती नव्हे. आजच्या कचेऱ्यांत असे टप्पे किती असतात, हे तिथे काम करणाऱ्यांना विचारा : कधीच न पडणारी चाचणी, ‘पडली तरी पुढे जा’ असे सांगून ठेवलेली पायरी, न वाचता दिलेली मंजुरी. सुबक पडदा त्यांनाही तितकेच ठळक, तितकेच हिरवे वर्तुळ देतो. ब्लू ओशनची सुबकता या ठिकाणी मला अडचणीची वाटते. जुन्या पडद्यावरचा सूर्य-ढग निदान मागच्या काही बांधण्यांचा कल तरी सांगत होता. नव्या पडद्यावर एका प्रवासाचे चित्र इतके मोठे होते की त्या टप्प्याचा पूर्वेतिहास त्यात दिसत नाही. एखादा टप्पा गेल्या वर्षभरात कितीदा ‘नाही’ म्हणाला, हा आकडा वर्तुळाच्या खाली असता तर?

प्रधानांच्या चिन्हांचेही काहीसे असेच झाले. शाहूकाळात पदे वंशपरंपरेने चालू लागली. पंतप्रतिनिधी औंधचे, पंतसचिव भोरचे, अमात्य बावड्याचे असे संस्थानिक बनले आणि पदाचे प्रत्यक्ष काम पुष्कळदा मुतालिकाकडे गेले. जे चिन्ह मुळात ‘मी तपासले’ असे सांगत होते, ते हळूहळू ‘हा माझा मान आहे’ असे सांगू लागले. कागदावरची अक्षरे तीच राहिली, म्हणून वरून पाहणाऱ्याला हा बदल कळत नाही.

रंगांविषयी एक छोटी गंमत, मग दुसऱ्या प्रकरणाकडे जाऊ. मूळ जेन्किन्समध्ये यशाची गोटी हिरवी नव्हती, निळी होती. कारण कावागुची जपानी. जपानी भाषेत वाहतुकीच्या ‘जा’ म्हणणाऱ्या दिव्याला निळा म्हणतात. जगभरच्या वापरकर्त्यांना हे इतके खटकले की गोट्या हिरव्या करणारे वेगळे जोडसाधन निघाले. ब्लू ओशनमध्ये यश हिरवे झाले. पण तिथे निळा रंग उरला तो ‘काम चालू आहे’ यासाठी. म्हणजे एकाच घरात, एकाच रंगाचे, दोन पडद्यांवर दोन अर्थ. दप्तरात नवा आलेला कारकून जुन्या कारकुनाच्या खुणा चुकीच्या वाचतो, त्याची कारणे अशीच असतात.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि सप्टेंबर १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. जेम्स ग्रँट, जो पुढे ग्रँट डफ या नावाने मराठ्यांचा इतिहासकार म्हणून गाजला, १८२२ पर्यंत तिथला कारभार पाहत होता. पुढे मुंबई सरकारशी महाराजांचे बिनसले. कंपनीच्या शिपायांना फितवल्याचा, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. आरोपांच्या पुष्ट्यर्थ पुढे आलेल्या पुराव्यांत महाराजांच्या शिक्क्याचे म्हणून सांगितले गेलेले कागद होते. ते बनावट आहेत, असे महाराजांच्या पक्षाचे म्हणणे होते. उघड चौकशी करा, माझ्यासमोर पुरावा मांडा, ही महाराजांची मागणी मानली गेली नाही. १८३९ च्या ऑगस्टात गव्हर्नर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. दोष कबूल केल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील, असे त्याने सुचवले. महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून पुढे काशीला पाठवण्यात आले. १८४७ साली ते तिथेच वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८५३ पर्यंत लंडनमध्ये दाद मागत राहिले. तोवर, १८४८ साली, सातारचे राज्यच खालसा झालेले होते.

या प्रकरणाचा राजकीय निवाडा हा वेगळ्या धाग्याचा विषय. आपल्या प्रश्नापुरते पाहायचे ते एवढेच : शिक्का म्हणजे संपूर्ण प्रवास नव्हे. शिक्का ही शेवटच्या टप्प्याची एक छाप. ती खरी की खोटी हे ठरवायचे तर मागे जावे लागते. मसुदा कोणी केला, कोणत्या दप्तरात नोंद आहे, रोजकीर्दीत त्या तारखेला काय आहे, अक्षर कोणाचे आहे. हे प्रश्न उघडपणे विचारू दिले गेले असते, तर कागद खरे ठरले असते वा खोटे, पण काहीतरी ठरले असते. गुप्त चौकशीत केवळ छाप समोर येते, तिच्यामागची साखळी नाही.

म्हणून कोणत्याही नव्या पडद्याला विचारण्याचा माझा पहिला प्रश्न रंगांचा नसतो. या वर्तुळावरून त्यामागच्या मूळ नोंदीपर्यंत मला जाता येते का, आणि ती नोंद अजून शिल्लक आहे का? ब्लू ओशन पहिल्या कसोटीला उत्तम उतरतो. दुसरी कसोटी पडद्याच्या हाती नाही. जेन्किन्समध्ये जुन्या बांधण्या ठरावीक मुदतीने टाकून देण्याची सोय असते, आणि जागा वाचवण्यासाठी ती बहुतेक ठिकाणी वापरतात. मग वर्ष-दोन वर्षांनी एखादा दोष उघड होतो तेव्हा वर्तुळही नसते आणि नोंदही नसते.

नोंद असण्या-नसण्याने काय होते, हे १८५२ च्या इनाम कमिशनने दख्खनला शिकवले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्या कुटुंबांना सनदा हजर करण्याचा हुकूम झाला, आणि त्या सनदा पेशवे दप्तरातील नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. घरी पत्र आहे पण दप्तरात नोंद नाही, अशांची जमीन धोक्यात आली. दप्तरात नोंद आहे पण घरचे पत्र वाळवीने खाल्ले, त्यांचीही धावपळ झाली. शंभर वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने टाकलेल्या एका ओळीवर घराची भाकरी अवलंबून राहिली. इंग्रजांनी हे दप्तर प्रेमापोटी जपले नाही, महसुलापोटी जपले. तरी ते उरले, म्हणून आज मराठ्यांचा इतिहास लिहिता येतो, हेही तितकेच खरे.

ब्लू ओशनचे पुढे काय झाले? त्याने जुन्या पडद्याची जागा घेतली नाही. प्रवास पाहण्यासाठी नवा पडदा, पण व्यवस्था बदलण्यासाठी, अधिकार देण्यासाठी पुन्हा जुनाच पडदा, अशी दोन घरे कायम राहिली. वापरणारा माणूस या दारातून त्या दारात हेलपाटे घालू लागला. कालांतराने त्यात नव्या सोयी भरणे थांबले, असे जेन्किन्सच्याच दस्तऐवजात नमूद आहे. टप्प्यांचे चित्र दाखवणारे ‘पाइपलाइन ग्राफ व्ह्यू’ हे छोटे साधन मग मूळ घरातच बसवण्यात आले. स्वतंत्र महाल बांधण्यापेक्षा जुन्या वाड्यात एक खिडकी पाडली म्हणा ना. मला हा शहाणपणाचा निर्णय वाटतो. तिसरे दर्शन हवेच होते. त्यासाठी तिसरे दप्तर उघडण्याची गरज नव्हती.

सांगलीकरांना याचे एक जुने उदाहरण घरचेच आहे. मिरजेच्या शाळेत शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे यांच्यासमोर पटवर्धनांचे दप्तर होते. छावण्यांतून, दरबारांतून, वेगवेगळ्या भावाबंदांनी लिहिलेली पत्रे, आणि ती वेगवेगळ्या रुमालांत बांधलेली. खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करायला घेतला. त्यात त्यांनी पत्रे कालक्रमाने लावली आणि मधली संगती सांगणारा मजकूर स्वतः लिहिला. वाचक आधी संगती वाचतो, मोहीम कुठवर आली ते समजून घेतो, आणि शंका आली की मूळ पत्र त्याच ग्रंथात हजर असते. वरचे चित्र आणि खालची नोंद, दोन्ही एका बैठकीत. ज्यांनी हे खंड चाळलेले नाहीत त्यांनी एखाद्या रविवारी ग्रंथालयात बसून पाहावेत. एका मोहिमेची तीन पत्रे, तीन माणसांच्या हातची, ओळीने वाचली की खरे यांनी नेमके काय केले ते कळते.

सातारा जिल्ह्यातील अनेक घरांत, वाई-मेणवलीपासून कराड-पाटणपर्यंत, आजही मोडी कागद निघतात. आपल्या घरी असा लांब कागद सापडला तर मजकूर वाचता येत नसला तरी तो उलटा करून उजेडात धरा. बंद जिथे जोडला आहे त्या सांध्यावर छोटा शिक्का आहे का, त्याची दोन अर्धुके जुळतात का, आणि तळाशी वेगळ्या हाताची, वेगळ्या शाईची बारीक अक्षरे आहेत का, एवढे पाहा. छायाचित्र काढताना पाठीमागची बाजूही काढा. बहुतेक जण तीच विसरतात.